साखळी तीन-चारशेसाठ

सकाळी पावणेनऊला आमच्या नाक्यावरच्या सिग्नलला शेअर रिक्षा थांबली, शेजारी पाण्याचा टँकर येऊन उभा राहिला, आणि माझ्याखालचा रस्ता दबला आणि परत वर आला. किती दबला म्हणाल तर नखाच्या जाडीएवढा. रिक्षावाला तंबाखू मळत होता, त्याला काही कळलं नाही. बाजूची मुलगी फोनवर कुणाला तरी झापत होती, तीही थांबली नाही. कदाचित रिक्षाच हलली असेल, रिक्षा काय उभ्या उभ्याही हलते.  तरी मी बॅग छातीशी धरली, जणू बॅगेमुळे माझं वजन कमी होणार होतं. मागे वळून बघितलं तर आमच्या ओट्यावर बाबा बसलेला, हातात चहाचा कप, नजर आमच्या रिक्षेवर. तो रोज असाच बसतो. बारा वर्षं मी नोकरीला जाते, बारा वर्षं तो माझी रिक्षा सिग्नल पार करेपर्यंत ओट्यावरून उठत नाही. घरात सगळे त्याला चिडवतात, पोरगी चौतिशीची झाली, आता तरी तुझा चहा आत पी. सिग्नल हिरवा झाला, टँकर गुरगुरत पुढे गेला, आम्हीही गेलो, आणि बाबा कप घेऊन आत गेला. घराला मांडव घातलेला होता. माझा चुलतभाऊ कमलेश, त्याचं आज संध्याकाळी लग्न. आणि मी लग्नाच्या दिवशी ऑफिसला चालले होते म्हणून बायकांनी मला सकाळपासून बोलून बोलून हैराण केलेलं. अर्धा दिवस गं, दोनला परत येते, असं म्हणून मी सुटले. खरं सांगते, मला ऑफिसला जायचं नव्हतं, मला फक्त त्या रस्त्याच्या पलीकडे जायचं होतं.

मी भित्री आहे, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी सांगायला नको. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे जरा थबकली तरी मी पुढच्याच मजल्यावर उतरून जिन्याने जाते. आणि धंदा कसला पत्करला, तर लाखो लोक ज्यावर डोळे मिटून चालतात ते खरंच धड आहे का, हे बघण्याचा. रस्ता वरून गुळगुळीत दिसतो म्हणजे आतून चांगला असतो असं नाही. आमचं मशीन म्हणजे गाडीमागे लावलेला एक ट्रेलर. तो थांबतो, एक गोल थाळी रस्त्याला टेकवतो, आणि वर उचललेलं वजन तिच्यावर सोडून देतो. भरलेल्या ट्रकचं चाक जेवढा भार टाकतं, तेवढाच. धप्. रस्ता क्षणभर दबतो आणि परत येतो. किती दबला ते थाळीपासून ओळीने लावलेले सेन्सर सांगतात. चांगला रस्ता अर्धा मिलिमीटर दबतो. एक दबला तर वाईट. अशी दर पन्नास मीटरला नोंद घ्यायची, हवेचं तापमान, डांबराचं तापमान लिहायचं, आणि मग खाली बसून ठरवायचं की या तुकड्याला वरून नुसता डांबराचा थर पुरेल की मुळापासून उकरायला लागेल. आमचा ऑपरेटर रघु डांबरात बोटभर भोक पाडतो, त्यात ग्लिसरीन ओततो आणि थर्मामीटर उभा करतो. आजारी माणसाच्या काखेत ठेवावा इतक्या काळजीने ठेवतो. त्याच्यासारखा माणूस मी दुसरा बघितलेला नाही.

दहा दिवसांपूर्वी हे मशीन आमच्याच गावामधून गेलेल्या रस्त्यावर आलं. मानपाड्याच्या कारखान्यांकडे जाणारा तो रस्ता, त्यावरून रात्रंदिवस टँकर. काम आमच्या कंपनीकडे आलेलं आणि विनीत सर म्हणाले, तुझ्या घराजवळचं आहे, तूच जा, जेवायला घरी जाशील. रस्त्यावरची जागा आम्ही साखळीने सांगतो. साखळी तीन-चारशेसाठ म्हणजे रस्ता सुरू झाल्यापासून तीन किलोमीटर चारशे साठ मीटर. तीन-चारशेदहाला सगळं ठीक होतं. तीन-चारशेसाठला थाळी टेकली, वजन पडलं, आणि स्क्रीनवर दोन पॉइंट चार-एक. मी म्हटलं, परत घे. दोन पॉइंट चार-सात. परत. दोन पॉइंट पाच-दोन. रघु माझ्याकडे बघत होता. "मॅडम, प्लेट बसली नाय वाटतं नीट," तो म्हणाला. पण तो बोलला ते मला बरं वाटावं म्हणून. थाळी नीट बसली होती, आवाजच सांगत होता. एरवीचा धप् हा घट्ट असतो, गव्हाच्या पोत्यावर मूठ मारल्यासारखा. त्या दिवशीचा आवाज पडला आणि खाली कुठे तरी जाऊन मग थांबला. मागे रिक्षांनी हॉर्न लावून डोकं उठवलेलं. असा विचित्र आकडा आला की एक-दोन मीटर पुढे सरकून परत मोजायचं, हा आमचा रिवाज. मी रघुला सांगितलं, पाच मीटर पुढे घे. पाच का? मी स्वतःला तेव्हा विचारलं नाही. पाच मीटरवर शून्य पॉइंट पाच-आठ आलं, सुरेख, आणि मी पहिल्या तीन आकड्यांवर आडवी रेघ मारून शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, उपकरण दोष. अक्षर फार छान आलं होतं. घाबरले की माझं अक्षर सुधारतं.

आता हे सांगते की मला तेव्हाच माहीत होतं, आणि माहीत नव्हतंही. त्या जागी आमची बाव होती. विहिरीला आमच्यात बाव म्हणतात. हा रस्ता व्हायच्या आधी इथे आमचं भाताचं खाचर होतं, खाडीकडे मिठागरं, आणि मधे बारा फूट रुंदीची दगडी बाव, आजोबाच्या बापाने बांधलेली. दर उन्हाळ्यात गाळ काढायचे, आणि गाळात उतरायला हलकं अंग लागतं म्हणून सातव्या वर्षी कमरेला सोल, म्हणजे जाड दोर, बांधून मला खाली सोडलेलं. बाबाने स्वतः सोडलं. "वर बगत ऱ्हा, खाली बगू नको," म्हणाला. मी वर बघत राहिले, आणि आभाळ ताटाएवढं झालं, मग वाटीएवढं. भिंतीतून उंबराच्या मुळ्या बाहेर आलेल्या, त्या माझ्या पाठीला लागत होत्या. पाय गाळात टेकले तेव्हा गाळ थंड होता आणि हलत होता. खाली मासे असतील, नाही तर कपारीत साती आसरा बसलेल्या असतील, पाण्यातल्या सात बाया, ज्यांच्या नावाने घरात नारळ फुटायचे. मी रडले नाही. वर आल्यावर मला गूळ दिला. त्यानंतर कित्येक वर्षं झोपेत मी वर बघत राहायचे आणि वर आभाळच नसायचं. मी बारा वर्षांची असताना रस्ता आला. रस्तेवाल्यांनी बाव बुजवायची म्हटल्यावर बाबा त्यांच्या अंगावर धावून गेला. आमची बाव, आम्हीच बुजवणार, परक्याचा हात लागता कामा नये. मुकादमाला काय, त्याचं काम वाचलं. आम्हा पोरांना त्या दिवशी मामाकडे पाठवलं, आणि परत आलो तेव्हा तिथे सपाट मुरूम होता. बाबाने मला उचलून घेतलं तेव्हा त्याच्या हातांना गंजाचा वास येत होता. मातीचा नाही, गंजाचा. हा वास मला बावीस वर्षांत एकदाही आठवला नव्हता, आणि आज घोडबंदर रोडच्या बसमध्ये खिडकीची दांडी धरली तेव्हा हाताला आला.

बाव गेली तरी लग्नात तिला पुजायचं सुटलं नाही. हळदीच्या आधी बायका वाजतगाजत जातात, फुटपाथवर विजेची जी पेटी आहे तिच्या पायाशी हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात. लहानपणापासून मी तेच बघितलं, म्हणून माझ्या डोक्यात बाव त्या पेटीखाली. सर्वेच्या दिवशी मी मनाशी हेच घोकलं. बाव तर तिकडे फुटपाथवर, मशीन इकडे रस्त्याच्या मधोमध, मधे तीस फुटांचं अंतर, मग आकडा बावेचा कसा असेल. इतका साधा हिशेब. कॉलेजात चार वर्षं शिकले, बारा वर्षं रस्ते ठोकत फिरले, आणि एका विहिरीची जागा मी नारळाच्या करवंट्यांवरून ठरवली. काल दुपारी कमलेशच्या हळदीला आम्ही सगळ्या त्या पेटीशी गेलो. पुढे हौसाआजी. ती बाबाची आत्या, ऐंशी पार केलेली, आणि आमच्यातली शेवटची धवलारीण, म्हणजे लग्नात देवांना गाण्यातून बोलावणारी बाई. ती बोलावते तिथे देव येतात, असं आम्ही मानतो. तिने पेटीला हळद लावली, नारळ ठेवला, सगळं नेहमीसारखं. मग ओंजळीत हळदीचं पाणी घेऊन ती वळली आणि ते पाणी तिने रस्त्याकडे फेकलं, येणाऱ्या टेम्पोच्या काचेवर. टेम्पोवाला शिव्या देत गेला. मी विचारलं, आजी, तिकडे कशाला?

"तिकरंच हाय ना ती."

"बाव तर इथे पेटीखाली."

"इथं कनाची बाव?" हौसाआजी हसली. तिच्या तोंडात दोनच दात. "रस्त्यावं गाऱ्या वाडल्या, मंग पोरींना घेऊन मदी कशी उबी ऱ्हाऊ? म्हनून मीच बाजूला घेतली पूजा. पूजा सरकवली गो. ती कशी सरकंल? ती तिथंच." आणि बोटाने तिने बरोबर जागा दाखवली. रघुने डांबरात पाडलेल्या थर्मामीटरच्या भोकाच्या दीड हात अलीकडे. ते भोक अजून तिथेच होतं, त्यात पिवळं पाणी साठलेलं.

मी तशीच मांडवात गेले. बाबा खुर्चीवर चढून आंब्याचे टहाळे बांधत होता. मी विचारलं, बाबा, बाव बुजवली होतीस ना नीट? मुरूम थराथराने टाकून, ठोकून? त्याने सुतळीची गाठ मारली, दाताने तोडली, आणि खाली न बघता म्हणाला, "जित्ती बाव कोन बुजवतं?" मला वाटलं मी ऐकण्यात चुकले. मी परत विचारलं. मग तो खुर्चीवरून उतरला, इकडेतिकडे बघितलं, आणि हळू आवाजात सांगायला लागला, जसं एखादा आजार सांगतात. बंद पडलेल्या कंपनीचे चार गर्डर भंगारातून आणले, आडवे टाकले, वर मिठागराच्या बांधावरच्या दगडी फाड्या, वर मुरूम. झरा चालू होता, आसरा आत होत्या, त्यांच्या डोक्यावर माती कशी लोटायची? त्यांना अंधार चालतो, माती चालत नाही. मुकादमाने कागद पुढे केला, विहीर पूर्ण बुजवली, बाबाने सही केली. "सही माझी हाय," तो म्हणाला. "तू कुनाला बोलू नको. आज हलद हाय." आणि परत खुर्चीवर चढला.  मला त्याचा इतका राग आला आणि इतकी कीव आली की मी खुर्ची धरून उभी राहिले, नुसती धरून. तेवढ्यात बाहेरून कमलेशचे मित्र ओरडत आले, उद्याचा डीजे ठरला, मोठा ट्रक, जनरेटरसकट. वरात पाचला निघणार आणि बावेपाशी थांबून नारळ फोडून अर्धा तास नाचणार. आमच्यात नवरदेव बावेला सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. पोरं करवंट्यांपाशी थांबतील, पण ट्रक काही फुटपाथवर चढत नाही. ट्रक रस्त्याच्या मधे उभा राहणार, आणि त्याच्याभोवती सगळा गाव.

गर्डर वर्षाला किती गंजतो, हे मला माहीत आहे, हाच तर माझा वैताग आहे. दुसऱ्या कुणाला नुसती भीती वाटली असती. मला आकड्यांत वाटते. खालून सतत पाण्याची वाफ, मिठाच्या बांधावरचे दगड, त्यांतलं मीठ बावीस पावसाळे लोखंडावर झिरपलेलं. बसमध्ये मी फोनवर हिशेब करत होते, गर्डरची जाडी माहीत नाही म्हणून कधी दहा मिलिमीटर धरायचे, कधी बारा, आणि दर वेळी उत्तर असं यायचं की तो गर्डर गेल्याच वर्षी संपायला हवा होता. मग तो उभा कशावर आहे? बाहेर घोडबंदरचा जाम. बस इंच इंच सरकत होती आणि मला प्रत्येक ठिकाणी खाली पोकळ वाटत होतं. एवढे टॉवर, त्यांच्या खाली कुणाकुणाच्या बावी असतील, कुणी कुणी काय झाकून त्यावर सही केली असेल. नाचणाऱ्यांचं वजन मी मांडून बघितलं. उभं वजन एक, आणि तालावर एकदम पडणारं वजन दुसरं. दोनशे माणसं एका ठेक्यावर उडी मारतात तेव्हा रस्त्याला ते आमच्या मशीनसारखंच कळतं. धप्. पुन्हा धप्. त्यात कमलेश, त्यात माझ्या बहिणी, त्यात डोक्यावर पाण्याचा करा घेतलेली हौसाआजी.  मी दोन स्टॉप आधीच उतरून चालत गेले, फुटपाथच्या अगदी कडेने.

विनीत सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी रिपोर्ट उघडून ठेवला होता. सगळ्या तुकड्याला चाळीस मिलिमीटरचा थर, चारला मेल करायचा. मी म्हटलं, सर, तीन-चारशेसाठचा आकडा मी खोडलाय, तो मला परत घ्यायचाय, तिथली लेन बंद करायला सांगा. त्यांनी चष्मा कपाळावर नेला. "एक आकडा, कल्पिता? शेऱ्यात उपकरण दोष तूच लिहिलंयस. एका आकड्यावर कुणी चालू रस्ता बंद करतं का? कारण दे. कारण असेल तर मी आत्ता फोन लावतो, एका मिनिटात. आहे का कारण?" कारण घरी खुर्चीवर चढून टहाळे बांधत होतं. अडुसष्ट वर्षांचं, बीपीची गोळी खाणारं. मी ते नाव घेतलं की पोलीस दारात येणार, मांडवात, लग्नाच्या दिवशी. बावीस वर्षांपूर्वीची सही, खाली लोकांचा जीव. भावकी काय बोलेल ते वेगळंच. मी तोंड उघडलं आणि ऐकलं तर मी म्हणत होते, "नाही सर, सहज. परत मोजते म्हणजे झालं." ते म्हणाले, मोज, कुणी अडवलंय. इतकं सोपं. मी बाहेर येऊन वॉशरूममध्ये नळ सोडून उभी राहिले, आणि नळाचं पाणी खाली जाताना जो घुमल्यासारखा आवाज येतो ना, तो ऐकून तशीच बाहेर पळाले.

रघुला मी काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं, मशीन काढ, मानपाडा. त्याने ट्रेलर गाडीला जोडला. शिळफाट्याला ट्रकांची रांग होती, तिथे तो रस्त्याकडेच बघत म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी प्लेट बसलेली. मी वाकून बघितलेलं. तुम्ही घाबरलेलात म्हणून मी बोललो नाय पुढं." मी खिडकीकडे तोंड केलं. मी घाबरले की सगळ्यांना दिसतं, फक्त मला वाटतं की मी ते अक्षरात लपवते. पावणेचार वाजले पोहोचायला. सिग्नलला एक ट्रॅफिक पोलीस होता, काळुराम नावाचा, छातीवरच्या पट्टीवर वाचलं. त्याला ओळखपत्र दाखवून दहा मिनिटं मागितली. रघुने मधल्या लेनला चार नारिंगी शंकू लावले. भोकातलं पिवळं पाणी पुसून थर्मामीटर ठेवला, तेहतीस डिग्री. थाळी टेकली. त्याने पोटावर झोपून चारी बाजूंनी बघितलं, बोट फिरवलं. "बसली," म्हणाला. वजन वर गेलं. ते वर असतं तेव्हा एक सेकंद काहीच होत नाही, आणि बारा वर्षांत त्या सेकंदाची मला कधी भीती वाटली नव्हती. धप्. तीन पॉइंट सहा-चार. दहा दिवसांत एक मिलिमीटरहून जास्त. दुसऱ्यांदा सोडायला रघुचा हात बटणावर गेला आणि मी तो धरला. दोघांनीही ऐकलं होतं. वजन पडून गेल्यावर, सगळं थांबल्यावर, खाली पाण्यात काही तरी पडलं. छोटं. लहानपणी आम्ही काठावरून खडा टाकायचो आणि मोजायचो, एक, दोन, तसा. मशीन पुढे ने, मी म्हटलं, हळू ने, आणि रघुने ते हळू नेलं.

काळुराम आला. दहा मिनिटं झाली, शंकू उचला. मी म्हटलं, इथून गाडी जाऊ द्यायची नाही, खाली पोकळ आहे. त्याने विचारलं, लेखी आहे का काही? वरून फोन आहे? नाही. कुणी सांगितलं पोकळ आहे? मी स्क्रीन दाखवली. "मॅडम, हे आकडे मला काय कळणार. पुढं टँकर बघा, मागं रांग बघा." त्याचंही बरोबर होतं. पहिला टँकर शंकूंना टेकून उभा होता, ड्रायव्हर रेस करत होता. आणि गल्लीच्या तोंडातून डीजेचा ट्रक वळत होता, पाठ करून, चार-पाच पोरं येऊ दे येऊ दे करत हात हलवत होती, जनरेटर सुरू होता. रांगेमुळे लवकर काढला असणार. वेळ संपली होती. काळुरामने खाली वाकून एक शंकू उचलला, आणि मी जाऊन त्या जागेवर उभी राहिले. विचार करून नाही. माझं वजन अठ्ठावन्न किलो आहे, एवढं ती धरेल, असं काही तरी मनात आलं. पण पाय टेकले आणि मला तो गाळ आठवला, थंड, हलणारा. मी वर बघितलं. वर आभाळ होतं, विजेच्या तारा होत्या.  आपण काय करून बसलो आणि इथून हलायचं कसं, मला कळेना. कल्पे, असा आवाज आला.

बाबा ओट्यावरून उतरून येत होता. अंगात लग्नाचा नवा सदरा, डोक्याला फेटा, पायांत काही नाही. मी त्याला हा रस्ता इथून ओलांडताना कधी बघितलेलं नाही. मी लहान असताना माझा हात धरून तो देवळापर्यंत लांब चालायचा आणि तिथून पलीकडे जायचा. गाड्या जोरात येतात, म्हणायचा. आज तो सरळ आला, आणि माझ्यापासून दोन हातांवर अचानक थांबला. खाली बघितलं. डांबरावर कसलीही खूण नव्हती, पण त्याचा पाय जिथे थांबला तिथे तो एक बोट पुढे गेला नाही.

"इकरं ये," तो म्हणाला. "माझ्याकरं. टाच नको आपटू. सरक." मी सरकले. त्याने माझं मनगट धरलं आणि मला ओढून आपल्या बाजूला घेतलं. मग काळुरामकडे वळला. "साहेब, शंकू ठेव खाली. हिथं बाव हाय. बारा फुटी. माझ्या आज्याची. बुजवली सांगून सही केली मी. बुजवली नाय, झाकली. धाकू माझं नाव. लिवून घे." काळुराम त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. बाबा त्याच्यासाठी थांबला नाही. तो पाठमोरा चालायला लागला, एक पाय, मग दुसरा पाय, मळणीला खळ्याभोवती चालतात तसा, आणि त्या मोकळ्या डांबरावर त्याने पूर्ण गोल चालून दाखवला. रघु खडू घेऊन त्याच्या मागून वाकून गेला. गोल मिटला तिथे तो बरोबर सुरुवातीच्या खुणेला येऊन लागला. आमचं भोक गोलाच्या आत होतं. काळुरामने वॉकीटॉकी काढला, टँकरवाल्याला हाताने मागे जा म्हणून खूण केली. गल्लीच्या तोंडाशी डीजे बंद झाला आणि कमलेश नवरदेवाच्या कपड्यांत धावत आला. हौसाआजीने त्याला दंडाला धरून फुटपाथवरच थांबवलं.

मी विनीत सरांना फोन लावला. कारण आहे, म्हटलं. साक्षीदार आहे. माझा बाप आहे. ते म्हणाले, थांब तिथेच, मी फोन लावतो. बाबा खडूच्या रेघेच्या बाहेर बसला, मांडी घालून, नव्या सदऱ्याची पर्वा न करता. मी नोंदवही उघडली. साखळी तीन-चारशेसाठ, तीन पॉइंट सहा-चार, आणि शेऱ्याच्या रकान्यात त्याने जे सांगितलं ते लिहिलं. अक्षर फार वाईट येत होतं. मी वही त्याच्यापुढे धरली आणि त्याने खाली सही केली. आणि मग मला जे विचारायचंच नव्हतं ते माझ्या तोंडून गेलं. बारा वर्षं, बाबा. बारा वर्षं मी रोज यावरून जाते. तू स्वतः एकदा इथून गेला नाहीस. मला कसं जाऊ दिलंस?

त्याने फेटा काढून मांडीवर ठेवला. "बोललो अस्तो तर सगलंच बोलाय लागलं अस्तं," तो म्हणाला. "म्हनून रोज बगत बसतंय ना. तुझी रिक्षा पार होवस्तवर." मग खाली बघून, "घरात सोल ठेवलाय. तोच, तुझा, बावेतला."

मी त्याच्या शेजारी रेघेच्या बाहेर बसले. पोलिसांची गाडी शिळफाट्याच्या जाममध्ये अडकली होती, यायला अजून अर्धा तास होता. मांडवातून कुणी तरी आम्हा दोघांना चहा आणून दिला.